वाढत्या शालेय आवाराचे संगणकजाळे : राहुरी परिसराच्या संदर्भात आढावा

शालेय आवारातील संगणकजाळ्याच्या नियोजनात आजच्या इमारती, पुढे उभ्या राहणाऱ्या इमारती आणि त्यांच्यामधली जमीन या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. संगणक, स्विच, कॅमेरे पाच-सात वर्षांत बदलले जातात. जमिनीखालची नळी, भिंतीतला तारांचा मार्ग, रॅकची खोली आणि अर्थिंग यांचे आयुष्य मात्र इमारतीच्या आयुष्याशी जोडलेले असते. म्हणून जे मागाहून बदलता येणार नाही ते आधी आणि सढळ हाताने करावे, जे बदलणारच आहे ते गरजेपुरते घ्यावे, असा हा सारा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट घडते. अनुदान उपकरणांसाठी येते, ते उपकरणांवरच संपते आणि तारा मागाहून खिडकीच्या गजांतून ओढल्या जातात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात हा प्रश्न लहानमोठ्या सर्व आकारांत पाहायला मिळतो. एका टोकाला १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या आवारात पदव्युत्तर शिक्षण, डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय, वसतिगृहे, कर्मचाऱ्यांची वसाहत, पीक सुधार प्रकल्प, गोठे आणि बीजोत्पादनाची शेते असा पसारा आहे. शिवाय पश्चिम महाराष्ट्र व खानदेशातील १० जिल्हे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. हवामान अद्ययावत शेती व जलव्यवस्थापनाचे केंद्र आणि ‘फुले इरिगेशन शेड्युलर’सारखे ॲप यांमुळे तेथे माहितीची ये-जा कार्यालयांपुरती न राहता बांधापर्यंत पोचली आहे. दुसऱ्या टोकाला तालुक्यातील एखादी माध्यमिक शाळा असते. आधी पत्र्याच्या चार खोल्या, मग स्लॅबची इमारत, तिच्यावर दुसरा मजला, पुढे कनिष्ठ महाविद्यालय, विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळा, मुलींचे वसतिगृह आणि मैदानापलीकडे इंग्रजी माध्यमाची नवी शाखा, अशी ती वाढत जाते. विद्यापीठाकडे स्वतःचा अभियंता वर्ग असतो. शाळेत हे काम मुख्याध्यापक, लेखनिक आणि ‘कॉम्प्युटरचे सर’ या तिघांच्या खांद्यावर पडते. या लेखाचा रोख मुख्यतः शाळेकडे आहे.

गरज कशी वाढली

केंद्र सरकारची शाळांसाठीची माहिती तंत्रज्ञान योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ‘जाळे’ म्हणजे एका खोलीतले दहा-पंधरा संगणक आणि एक स्विच, एवढाच अर्थ होता. खोलीला कुलूप लावले की जाळेही कुलूपबंद. पुढे शालार्थ वेतनप्रणाली आणि सरल, यू-डायस प्लस या शालेय माहितीच्या प्रणालींनी कार्यालय कायमचे इंटरनेटवर आणले. टाळेबंदीच्या काळात वर्गावर्गात जोडणी हवीशी वाटू लागली. बदलापूरच्या शाळेत मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांत सीसीटीव्ही बसवणे सक्तीचे केले आणि आवाराच्या कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत तारा गेल्या. शिकवण्याच्या गरजेने जे वीस वर्षांत झाले नव्हते ते कॅमेऱ्यांनी काही महिन्यांत घडवले. ते घाईत घडले, त्यामुळे अनेक शाळांत कॅमेऱ्यांचे जाळे वेगळे आणि संगणकांचे वेगळे अशी दुहेरी व्यवस्था होऊन बसली.

गरज मोजताना उपकरणांच्या संख्येपेक्षा उपयोग पाहणे महत्त्वाचे. महाराष्ट्रातच त्याचे बोलके उदाहरण आहे. वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावे जोडणारा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे झाली, पण शेतकऱ्यांचा खरा वापर उसाचे वजन, खताची खरेदी अशा मोजक्या नोंदींपुरता राहिला. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर आणून दाखवले आणि ते स्वस्तही पडले. शाळेनेही आधी हे विचारावे : एका वेळी किती मुले पडद्यासमोर बसणार, ऑनलाइन परीक्षा केंद्र होणार का, वसतिगृहात संध्याकाळी किती मोबाइल चालू असणार, चित्रण किती दिवस जपायचे.

यातली चित्रणाची आकडेमोड करून ठेवलेली बरी. २ एमबीपीएस वेगाने नोंद करणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी जागा घेतो. ३० कॅमेरे आणि ३० दिवस धरले तर सुमारे १९.४ टीबी होतात. हा भार आवारातच फिरतो, इंटरनेटवर जात नाही. त्यामुळे बाहेरची जोडणी जलद घेऊन तो हलका होत नाही, त्यासाठी आतले रस्ते रुंद हवेत. वर्गातील भार याच्या उलट असतो. ६० मुलांनी प्रत्येकी २ एमबीपीएसने व्हिडिओ पाहिला तर एका वर्गालाच १२० एमबीपीएस लागतात आणि ते बाहेरून यावे लागतात.

जमिनीखालचे काम

तांब्याच्या जोडतारेवरील इथरनेटला १०० मीटरची मर्यादा आहे. त्यातले ९० मीटर भिंतीतल्या पक्क्या तारेचे आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे. मैदानापलीकडची इमारत या मर्यादेबाहेर जातेच. पण इमारत ६० मीटरवर असली तरी तिच्यापर्यंत तांबे नेऊ नये. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असते आणि वीज कोसळली की दोहोंच्या विभवातला फरक त्या तारेतून धावतो. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाबरोबर कडकडाट होतो, तेव्हा एकाच दुपारी दोन्हीकडचे स्विच जळतात, ते यामुळे. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, म्हणून इमारती ऑप्टिकल फायबरनेच जोडाव्यात.

फायबर सिंगल-मोड घ्यावी. मल्टी-मोडच्या ओएम-३ प्रकारावर १० गिगाबिटचा वेग ३०० मीटरपर्यंत मिळतो. सिंगल-मोडवर साध्या मॉड्यूलनेही तो १० किलोमीटरपर्यंत जातो आणि पुढे १०० गिगाबिटची वेळ आली तरी तीच केबल चालते. प्रत्येक इमारतीला किमान १२ तंतू न्यावेत. आज दोनच वापरले जातील, पण केबलची किंमत एकूण खर्चात थोडी असते, खरा पैसा चर खोदण्यात जातो.

इथे राहुरीची माती मध्ये येते. मुळा-प्रवरा खोऱ्यातील काळी भारी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. या ताणाने उथळ गाडलेली केबल ओढली जाते, विटांचे चेंबर कलतात आणि नळीचे सांधे उघडतात. सुमारे एक मीटर खोल चर, तळाला वाळू, त्यात ४० मि.मी.ची एचडीपीई नळी आणि तिच्याच शेजारी दुसरी रिकामी नळी, ही पद्धत येथे टिकते. वर अर्ध्या उंचीवर इशाऱ्याची रंगीत पट्टी टाकावी, म्हणजे पुढे जेसीबी चालवणाऱ्याला ती आधी दिसेल. चेंबरमध्ये चार-पाच मीटर केबल गुंडाळून ठेवावी, तुटल्यावर जोडायला ती उपयोगी पडते. ठिबक आणि पाइपलाइनसाठी चर खोदणारे कुशल लोक या तालुक्यात गावोगाव आहेत. शहरातल्या कंत्राटदाराने हे काम त्यांच्याकडूनच करून घेतले तर ते स्वस्त पडते, बहुधा चांगलेही होते.

घुशींचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण शेताला लागून असलेल्या आवारात केबल तुटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. त्यावर उपाय म्हणून पोलादी चिलखताची केबल घेतली जाते आणि इथे विजेचा धोका मागच्या दाराने परत येतो, कारण चिलखत धातूचे असते. अशी केबल घेतल्यास इमारतीत शिरताना तिचे चिलखत नीट अर्थ करावे लागते. ते होईलच याची खात्री नसेल तर काचतंतूच्या आवरणाची धातुविरहित केबल जाड नळीतून न्यावी आणि नळीची तोंडे घट्ट बंद करावीत. दुसरा मार्ग अधिक सुरक्षित, कारण तो पुढच्या माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

खांबांवरून केबल नेणे स्वस्त असते आणि तात्पुरत्या इमारतीसाठी ठीकही आहे. मात्र आवारातून किंवा फाटकासमोरून रस्ता जात असेल तर गळीत हंगामात उंच भरलेल्या उसाच्या ट्रॉलीला लोंबती केबल अडकते, हे राहुरीत कोणाला सांगावे लागत नाही.

मांडणी ताऱ्यासारखी असावी, म्हणजे मध्यवर्ती खोलीतून प्रत्येक इमारतीला स्वतंत्र तंतू. एका इमारतीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत अशी साखळी केली की मधल्या इमारतीची वीज गेल्यावर पुढच्या सगळ्या बंद पडतात. वाढत्या शाळांत साखळीच जास्त दिसते, कारण नवी इमारत नेहमी सर्वांत जवळच्या इमारतीलाच जोडली जाते. मोठ्या आवारात नळी वर्तुळाकार फिरवावी आणि तिच्यातून दोन्ही बाजूंनी तंतू आणावेत. एकीकडे खोदकामात केबल तुटली तरी दुसरी बाजू चालू राहते. ग्रामपंचायती जोडणाऱ्या भारतनेटमध्येही २०२३ च्या सुधारित कार्यक्रमाने वर्तुळाकार मांडणीच स्वीकारली.

पैसे नसतील किंवा मधली जमीन दुसऱ्याच्या मालकीची असेल, तर रेडिओ जोडणीचा पर्याय राहतो. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग भारतात २०१८ पासून विनापरवाना वापरता येतो. दोन अँटेना एकमेकींना दिसल्या म्हणजे झाले, असा समज आहे तो अपुरा. १ किलोमीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींना मधोमध सुमारे ३.६ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. जूनमध्ये मोकळ्या रानावरून उत्तम चाललेली जोडणी पुढच्या वर्षी उंच वाढलेल्या उसामुळे मंदावते. मनोऱ्याची उंची पूर्ण वाढलेल्या उसावर आणखी किमान सव्वादोन मीटर धरून ठरवावी. झाडे असतील तर त्यांच्या पुढच्या वाढीचाही हिशेब करावा.

इमारतीच्या आत

इमारतीच्या आत क्षैतिज तारांसाठी कॅट-६ पुरेशी आहे. ती १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट देते, १० गिगाबिट मात्र जेमतेम ५५ मीटरपर्यंत. त्यापुढे कॅट-६ए लागते. वर्गात तिची गरज नाही, सर्व्हरच्या खोलीत आणि नव्या वायफाय ॲक्सेस पॉइंटसाठी घ्यायला हरकत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बाजारात खूप स्वस्त मिळते. ती घेऊ नये. कॅमेऱ्यांना याच तारेतून वीज दिली जाते आणि त्या विजेने अशी तार तापते.

तारेतून वीज देण्याच्या पद्धतीची तीन मानके आहेत : २००३ चे १५.४ वॅटचे, २००९ चे ३० वॅटचे आणि २०१८ चे त्याहून अधिक क्षमतेचे. स्विच घेताना छिद्रे किती एवढेच पाहिले जाते, त्याची एकूण वीजक्षमता कोणी पाहत नाही. २४ छिद्रांच्या स्विचवर प्रत्येक उपकरणाने १५ वॅट घेतले तर ३६० वॅट लागतात. तेवढी क्षमता नसेल तर शेवटी लावलेले कॅमेरे अधूनमधून बंद पडतात आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

रॅकची जागा ही नियोजनातली सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. शाळेत ती बहुधा जिन्याखाली, स्टोअररूममध्ये किंवा वरच्या मजल्यावर पत्र्याखाली मिळते. राहुरीत मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते, पत्र्याखाली त्याहून कितीतरी अधिक होते आणि सामान्य स्विच ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. तळमजल्यावरची, उत्तर बाजूची, भिंतीत झरोका असलेली छोटी खोली वास्तुविशारदाच्या नकाशातच मागून घ्यावी. नवी इमारत बांधताना अशी खोली आणि मजल्यामजल्यातून जाणारी उभी नळी ठेवण्याचा खर्च नगण्य असतो. स्लॅब पडल्यावर तीच गोष्ट कोअर-कटिंगने करावी लागते.

वायफायचे नियोजन भिंतींवरून करावे, अंतरावरून नव्हे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत : १, ६ आणि ११. दगडी किंवा जाड विटांच्या जुन्या इमारतीत व्हरांड्यात लावलेला ॲक्सेस पॉइंट वर्गात पोचत नाही, पण शेजारच्या व्हरांड्यातल्याशी भांडतो. सर्व मुलांकडे टॅब असलेला वर्ग असेल तर त्या वर्गात स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट द्यावा, एकावर ३०-३५ चालू उपकरणांपेक्षा जास्त भार टाकू नये आणि वर्गात ५ गिगाहर्ट्झलाच प्राधान्य द्यावे. संगणक प्रयोगशाळेत व परीक्षा केंद्रात मात्र तारच हवी.

वसतिगृह आणि कर्मचारी वसाहत यांचे गणित वेगळे आहे. तेथे तालुक्यातल्या केबल व्यावसायिकांना परिचित असलेली जीपॉन पद्धत बरी पडते. एका तंतूवर निष्क्रिय विभाजक लावून अनेक घरे जोडली जातात, मध्ये वीज लागत नाही आणि दुरुस्तीला माणूस गावातच मिळतो.

पत्ते, विभागणी आणि बंधने

सगळी उपकरणे एकाच पसरट जाळ्यात असणे हा लहान शाळेतला नेहमीचा प्रकार. साठ-सत्तर उपकरणांपर्यंत तो खपतो. त्यापुढे एखाद्याने घरचा राउटर आणून भिंतीच्या सॉकेटमध्ये उलटा जोडला की तो साऱ्या शाळेला चुकीचे पत्ते वाटू लागतो. झाडलोट करताना मोकळी दिसलेली पॅच कॉर्डची दोन्ही टोके दोन सॉकेटांत खोचली गेली की संदेशांचे चक्र सुरू होऊन सगळे जाळे ठप्प होते. दुसऱ्या संकटावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच ‘स्पॅनिंग ट्री’च्या रूपाने दिला आहे. साध्या, व्यवस्थापन नसलेल्या स्विचमध्ये तो नसतो. व्यवस्थापनक्षम स्विच घेण्यासाठी हे एवढे कारण पुरेसे आहे.

कार्यालय, प्रयोगशाळा, वर्ग, वसतिगृह, कॅमेरे आणि पाहुणे यांची व्ही-लॅनने, म्हणजे त्याच तारांवरच्या आभासी वेगळ्या जाळ्यांनी, विभागणी करावी. अंतर्गत पत्ते १० ने सुरू होणाऱ्या खासगी गटातून घ्यावेत आणि त्यांना अर्थ द्यावा. दुसरा आकडा इमारतीचा, तिसरा उपयोगाचा, म्हणजे १०.३.२०.० असे दिसले की तिसऱ्या इमारतीतली प्रयोगशाळा हे लगेच कळते. अशा प्रत्येक गटात २५४ उपकरणे बसतात. आज नसलेल्या इमारतींचे आकडेही राखून ठेवावेत. १९२.१६८.१ हा गट टाळावा, कारण घराघरांतले राउटर तोच वापरतात.

कॅमेऱ्यांचा विभाग इंटरनेटपासून तोडूनच ठेवावा. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर वापरूनच २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रामने अमेरिकेतील मोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. कार्यालयाच्या विभागात वेतनाची व विद्यार्थ्यांची माहिती असते, तेथे प्रयोगशाळेतून पोचता येता कामा नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सर्व ‘बालक’ ठरतात आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांना नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. खासगी संस्थेच्या शाळेनेही तोच नियम पाळावा. त्यासाठी सर्व उपकरणांची घड्याळे एकाच वेळेवर लावलेली असावीत, नाहीतर नोंदी असूनही त्यांतून काही सिद्ध होत नाही.

वीज आणि बाहेरची जोडणी

आवार वाढते ते गावाबाहेर, शेताच्या बाजूला. त्यामुळे जुनी इमारत गावठाण फीडरवर आणि नवी शेती फीडरवर असे होऊ शकते. शेती फीडरवर वीज ठरावीक तासच, पाळीने मिळते. नव्या इमारतीचा वीजजोड कोणत्या फीडरवरून येणार हे महावितरणकडे बांधकामाआधीच विचारून घ्यावे. प्रत्येक रॅकला स्वतंत्र यूपीएस द्यावा आणि बॅटरीचे आयुष्य कंपनी सांगते त्याहून कमी धरावे. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवरच्या प्रत्येक १० अंशांमागे साधारण निम्मे होते. अर्थिंगची मोजणी मे महिन्यात करावी. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत ते उत्तमच दिसते.

इंटरनेटसाठी दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या जोडण्या आणि शक्य तर दोन वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या केबली असाव्यात. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या केबली रस्त्याच्या कामात एकाच वेळी तुटतात, तेव्हा पुरवठादार दोन असून उपयोग होत नाही. दुसरी जोडणी मोबाइल नेटवर्कवरची असली तरी कार्यालयाचे काम अडत नाही. सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटद्वारे ब्रॉडबँड देण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. ती जोडणी आल्यावर कोणत्या खोलीत उतरवायची, हे आवाराच्या आराखड्यात आधीच ठरलेले असावे.

खर्च, टप्पे आणि दप्तर

समग्र शिक्षा योजनेत संगणक प्रयोगशाळेसाठी प्रति शाळा कमाल ६.४० लाख रुपये एकरकमी आणि पाच वर्षे दरवर्षी २.४० लाख रुपये आवर्ती अशी तरतूद होती. एका प्रयोगशाळेला ती पुरते, आवार जोडायला नाही. त्यामुळे चर, नळ्या आणि रॅकच्या खोल्या बांधकामाच्या अंदाजपत्रकात घालणे शहाणपणाचे. पहिल्या टप्प्यात मध्यवर्ती खोली, नळ्यांचे वर्तुळ आणि अर्थिंग. दुसऱ्यात कार्यालय व प्रयोगशाळा. वायफाय सर्वांत शेवटी, कारण त्याचे तंत्र सर्वांत लवकर बदलते.

निविदेत ब्रँडची नावे न घालता गुणधर्म लिहावेत, पाच वर्षांची देखभाल त्यातच धरावी आणि प्रत्येक तंतूच्या ओटीडीआर चाचणीचा (तंतूतील दोष व तुटीची जागा दाखवणाऱ्या) कागद मागावा. केबलीचा प्रत्यक्ष मार्ग दाखवणारा नकाशा, दोन्ही टोकांना समान क्रमांकाच्या चिठ्ठ्या, पत्त्यांची वही आणि पासवर्डचे मोहोरबंद पाकीट हे सारे शाळेच्या दप्तरात, मुख्याध्यापकांच्या ताब्यात असावे. कॉम्प्युटरच्या सरांची बदली झाली की जाळे अनाथ होते, त्याचे कारण बहुधा हेच असते की सगळी माहिती त्यांच्या डोक्यात होती. नकाशा, चाचणीचे कागद आणि पासवर्ड हाती आल्याशिवाय शाळा समितीने कंत्राटदाराचे शेवटचे बिल मंजूर करू नये.